मागावरचा ताणा

बसा, दिवा लागेपर्यंत सांगतो. सूत विकता विकता मी कोर्टातला जामीनदार कसा झालो, हेच विचारताय ना? शाळा आमची दुसरीपर्यंत, पण एक गोष्ट पेठेनं शिकवली होती. मागावर उभं सूत, म्हणजे ताणा, चढलेला असला की विणकर गाव सोडत नाही. अर्धं लुगडं टाकून पळालेला मी तरी पाहिला नाही. म्हणून जामीन राहण्याआधी मी माग बघून यायचो, आणि मॅजिस्ट्रेट साहेबही त्या शब्दावर विसंबायचे.

अठ्ठावीस सालच्या उन्हाळ्यात आमच्या पेठेतला विणकर रुद्रप्पा अफूसकट तिसऱ्यांदा सापडला. असले लोक सुटले की निजामाच्या हद्दीत पसार व्हायचे, म्हणून साहेब जामीन द्यायला राजी नव्हते. इकडे कोठडीत अफूवाचून त्याचा जीव चाललेला.

भर दुपारी त्याच्या घरी गेलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दार लोटलेलं. आत माग चालला होता, सावकाश, एका लयीत. सुताला लावलेल्या ओल्या खळीचा आंबूस वास उंबऱ्यापर्यंत आला होता. मी बाहेरूनच हाक दिली. माग थांबला.

“ताणा चढवलाय, आप्पा…” बाईमाणसाचा आवाज आला. “सरंपर्यंत त्यो कुटं जात न्हाय…”

साहेबांना मी तेच सांगितलं. त्यांनी जामीन मंजूर केला.

त्याला सोडवून परतताना मी थट्टेनं म्हणालो, “बायको खमकी आहे की रे. आता तुला हलू द्यायची नाही.”

तो जागीच थांबला. “मायाक्का दिवाळीतच वारली की, आप्पा… सूत तर मी कवाच इकून खाल्लं. माग रिकामा हाय.”

रिकाम्या मागावर मी कोर्टात शब्द देऊन बसलो होतो!

घरी पोचलो. मागावर ताणा होता. वीतभर विणून झालेलं, खळ अजून ओली. रुद्रप्पानं त्यावर हात ठेवला आणि मागाच्या खड्ड्यात उतरून धोटा उचलला.

तारखेला तो माझ्याआधी कोर्टात हजर. साहेबांनी दंडावर सोडलं. अफूला पुन्हा शिवला नाही, अंगानं भरला. माझाही जीव भांड्यात पडला. दर बाजाराला लुगडी घेऊन येतो, दोन घटका गप्पा मारतो.

आडवं सूत तो माझ्याकडूनच नेतो. ताण्याचं मात्र त्या दिवसापासून कुणाकडूनच घेतलेलं नाही. एकदा न राहवून विचारलं, “ताणा सरला नाही का रे अजून?”

“न्हाय, आप्पा,” तो हसून म्हणाला. “अजून लई हाय.”