टँडेमची मागची सीट

टँडेम, म्हणजे दोघांनी पुढे-मागे बसून चालवायची सायकल, भाड्याने घ्यायची कल्पना माझी होती. वेगळ्या सायकली घेतल्या की मी पुढे निघून जाते, चंद्रहास मागे राहतो आणि संध्याकाळी त्यावरून वाजतं. नवरा-बायकोला एकच सायकल दिली की प्रश्नच मिटला. दुकानदाराने ‘किया ओरा’ असा माओरी नमस्कार करून स्वागत केलं आणि समजावलं, की पुढच्याला मागचं दिसत नाही, पण दोघांची पेडल साखळीने जोडलेली असतात. मागचा जोर लावतोय की नुसता बसलाय, ते पुढच्याच्या पायांना कळतं.

२००६चा जानेवारी होता. सेंट्रल ओटागोत रूळ उखडलेल्या जुन्या रेल्वेमार्गावर सायकलींची वाट केली आहे. चार दिवस सायकल चालवायची, मधे डोंगर चढायचे, असा बेत होता. पण आम्ही मनाने सुट्टीवर नव्हतो. चंद्रहासला कंपनीने पुण्याच्या ऑफिसात जागा देऊ केली होती. तिथे त्याची आई एकटी होती. सोमवारी त्याला कळवायचं होतं, आणि मी नाही म्हटलं तर तो एकटा जाणार होता. मी तेव्हा आम्ही राहायचो त्या माउंट रॉस्किलमध्ये ओढ्याकाठी देशी झाडं लावणाऱ्या गटात होते. नदीनाल्यांसाठी भांडायचं सोडून मोठ्या पगारामागे जाणं मला शरणागती वाटायची. तसं मी त्याला सुनावलंही होतं. त्या भाषणातून त्याची आई मी सोयीने वगळली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी बोगदा आला. चंद्रहास उतरला. पाठ अवघडली आहे, डोंगरावरून चालत येतो म्हणाला. मी म्हटलं, “ये सावकाश. तुला सवयच आहे.” आणि एकटीच आत शिरले.

बोगदा वळणाचा होता. शंभरेक पावलांत मागचा उजेड गेला, पुढचा आला नव्हता. हँडलवरच्या दिव्यात दोन हात वाट दिसत होती. भिंती पाझरत होत्या. ओल्या विटांचा वास, आणि त्याखाली मेंढीच्या भिजलेल्या लोकरीसारखा एक उग्र वास. मागची सीट रिकामी असल्यामुळे सायकल हलकी होती, खडीवर तिचं ढुंगण उडत होतं. मधोमध खडी फार सैल झाली, तसा मी एक पाय टेकला आणि थांबले.

तेवढ्यात सायकल मागून दबली. चंद्रहास बसला की दबते तेवढीच. सीटची स्प्रिंग कुरकुरली.

मला वाटलं, आला धावत. राग होताच, पण बरंही वाटलं. मी मान वळवली नाही. नेहमीसारखं “चल” म्हटलं, आणि पेडल माझ्याबरोबर फिरली. एका क्षणाचाही फरक नाही. तीन दिवसांत आमचं इतकं जमलं नव्हतं.

समोर अंधार, मागे तो. तोंड बघायचं नसलं की बोलणं सोपं जातं.

“ऐक,” मी म्हटलं. “मी तुला एकटा सोडणार नाही. तू जिथे असशील तिथे मी असेन. शब्द देते.”

उत्तरादाखल पायांखालचा जोर वाढला. मी पाय मारायचे थांबवले, तरी पेडल माझे पाय फिरवत राहिली…

मग वळण संपलं, उजेड आला. सायकल उन्हात बाहेर पडली आणि एकदम हलकी झाली.

समोर दगडावर चंद्रहास बसला होता. बूट काढलेले, हातात अर्धं खाल्लेलं जर्दाळू. पंधरा मिनिटं झाली येऊन, म्हणाला; मला आत तेवढीही लागली नव्हती. मी मागे पाहिलं. सीट रिकामी होती.

“एवढं छान मराठी बोलणारा कोण भेटला आत?” त्याने विचारलं. “आणि राहिला कुठे तो?”

“काय बोलत होता?”

“तुझं नीट कळलं नाही. तो म्हणाला, मग मी थांबतो.”

मी काहीच ऐकलं नव्हतं. त्याला मी म्हटलं, कोणीतरी होता, उलट दिशेने गेला. रात्री मुक्कामाला आणि दुसऱ्या दिवशी वाटेत मी त्याला तोच शब्द द्यायचा प्रयत्न केला. दर वेळी जीभ जड व्हायची. एकदा दिलेला शब्द कोणाकडे गेलाय हे कळल्याशिवाय तो दुसऱ्याला कसा देणार?

सोमवारी संध्याकाळी चंद्रहास ऑफिसातून घरी आला आणि कांदा चिरायला बसला. पुण्याला नकार कळवला, म्हणाला. आईचं काय, हे मीच विचारलं. त्यावर तो कांदा चिरत राहिला.

“अरे, पण का?”

“थांबतो म्हटलं होतं ना तुला.”

“तू? कधी?”

“बोगद्यात.”

“तू बाहेर होतास, चंद्रहास. तूच मला विचारलंस, आत कोण भेटला म्हणून.”

“हो,” त्याने सुरी खाली ठेवली. “आवाज माझाच होता. तेव्हा मला ओळखू आला नाही.”