कोरडा काथ्या

ही गोष्ट कुणाला खोटी वाटली तर वाटू दे. पण शेवटची गाठ मी माझ्या हातांनी मारली, म्हणून सांगतो.

१९३१ चा वैशाख. किहीमला मुंबईच्या एका शेठचा बंगला उभा राहत होता.

माझे वडील धर्मा तिथे परांची बांधायचे. बांबूला बांबू, काथ्याने. काथ्या आधी रात्रभर भिजवायचा, तरच गाठ धरते. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

त्या दिवशी मुकादमाची घाई होती. वडिलांनी एक गाठ कोरड्याच काथ्याने मारली. एकाने काय होतंय...

भर दुपारी तीच सुटली.

वर गवंडी काळूराम होता, वडिलांचा जिवाभावाचा मित्र. तो खाली दगडांच्या ढिगावर पडला. कंबर मोडली. अकरा दिवस अंथरुणात होता.

शेवटी त्याने एवढंच विचारलं, "धर्मा, काथ्या भिजवला व्हतास ना?"

"व्हय," वडील म्हणाले.

तो त्यांच्याकडे बघता बघताच गेला.

त्याच्या बायकोला, ठमीला, सगळ्यांनी सांगितलं की पाय घसरला.

वडील पुन्हा कामावर गेले. परांचीखाली उभे होते. वारा नव्हता. माणसं जेवायला गेलेली...

टप्.

खांद्यावर थेंब पडला. त्यांनी वर पाहिलं. सुटलेल्या गाठीचा काथ्या तसाच लोंबत होता. त्यातून पाणी गळत होतं.

वडिलांनी ते काम सोडलं. पण पुढे कुंपण बांधलं, गोठा बांधला, त्यांच्या हातची प्रत्येक गाठ ओली व्हायची. सात वर्षं.

हे त्यांनी मला शेवटच्या आजारात सांगितलं. "ठमीला खरं सांग. माझ्यानं न्हाय झालं."

तीन दिवसांनी ते गेले. तिरडी मी बांधली. दुकानातून आणलेला काथ्या मुद्दाम चाचपून पाहिला होता. खडखडीत कोरडा.

शेवटची गाठ मारली आणि...

टप्.

अंगणाच्या सारवणावर काळा ठिपका पडला.

ठमीकाकी शेजारीच उभी होती. तिने गाठीला बोट लावून पाहिलं.

"काथ्या कुनी भिजवला रं?"

सांगायची वेळ हीच होती. पण सगळा गाव जमलेला, आणि वडील समोर आडवे. मला लाज वाटली. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे, असं वाटलं.

"मीच, काकी."

ती माझ्याकडे बघत राहिली.

याला वर्ष झालं. काकी दोन घरं सोडून राहते. रोज ठरवतो, आज सांगू.

काल परसात पडवळाचा मांडव बांधला. कोरड्या काथ्याने.

आज त्याच्या प्रत्येक गाठीखालची माती ओली आहे.