भेगा नसलेला मेंदू

पलूसला एसटीतून उतरताच पाऊस आला, म्हणून माया कोळेकर रस्त्याकडेच्या पहिल्याच पत्र्याच्या शेडमध्ये शिरली. ती सांगलीच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवत होती आणि एका आजारी विद्यार्थिनीला भेटायला आली होती. शेड मूर्तिकाराची निघाली. गणपती जाऊन सहा दिवस झाले होते आणि नवरात्रातल्या देवींचं काम नुकतंच सुरू झालं होतं. फळीवर हात ओळीने वाळत ठेवले होते. नुसते हात, कोपरापासून पुढचे.

माया एका हातापाशी थांबली. अंगठा ताणला की मनगटाजवळ दोन शिरांमध्ये एक बारीक खळगा पडतो. तो खळगा त्या हाताला होता, आणि बरोबर जागी होता.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

कोपऱ्यात एक माणूस साच्याला तेल लावत बसला होता. तिशीच्या आतबाहेरचा, दाढीत पांढरं प्लास्टर. त्याने आधी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं.

"कुणी न्हाई. माझ्या हाताला हाय, म्हणून देवीच्या हाताला हाय."

पाऊस थांबायला अजून वेळ होता. माया म्हणाली, "मेंदू कराल का?"

"कुणाचा?"

"माणसाचा."

"आमी देव करतो, मॅडम. देवाचा मेंदू कुणी बघाय मागत न्हाई."

माणसाचं नाव जयराज कुंभार. मायाने त्याला अडचण सांगितली. प्रयोगशाळा एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर हलवताना मेंदू आणि मज्जारज्जूची जुनी प्रतिकृती फुटली होती. नवीन यायला महिना लागणार होता आणि नर्सिंग परिषदेची तपासणी बारा दिवसांवर होती. बैठकीत सगळे गप्प असताना, मी व्यवस्था करते, असं माया बोलून गेली होती. तिची नेमणूक वर्षभराच्या मुदतीची होती आणि ती मुदत दिवाळीला संपत होती. तपासणी नीट पार पडली तर नोकरी कायम होणार होती.

हे शेवटचं तिने जयराजला सांगितलं नाही. घरचंही नाही. आटपाडीकडच्या गावात तिच्या वडिलांची, धुळा कोळेकरांची, साठ मेंढरं आणि डाळिंबाची दीड एकर बाग होती. आबांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं : नोकरी कायम झाली तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढणार नाही, नाही झाली तर दिवाळीनंतर पाहुणे बघायला येतील. पाहुणे कोण, तेही ठरलेलं होतं.

जयराजने काम घेतलं. वजन किती, जाडी किती, एवढंच विचारलं. मेंदू साधारण चौदाशे ग्रॅम. मज्जारज्जू करंगळीएवढा जाड आणि हातभर लांब. हातभर हे माप त्याला आवडलं. पुस्तकातलं माप आणि आपलं माप जुळतं, असं तो दोनदा म्हणाला.

त्यानंतर माया एक दिवसाआड चारच्या गाडीने पलूसला येऊ लागली. पहिली चूक तिने दुसऱ्या भेटीत काढली. जयराजने रज्जू पाठीच्या कण्यातून थेट माकडहाडापर्यंत नेला होता. तिने सांगितलं की तो कमरेच्या वरच्या मणक्यापाशीच संपतो.

"आन खाली? रिकामी नळी?"

"खाली नुसत्या नसांचा झुपका. पायाकडं जाणाऱ्या. त्याला अश्वपुच्छ म्हणतात. घोड्याची शेपटी."

"शेपटी येती मला. खंडोबाचं घोडं केलंय." त्याने जास्तीचा रज्जू करवतीने कापला आणि काथ्या शोधायला उठला. "पुस्तक लिवणारा मेंढरंवाला असता तर दुसरं नाव दिलं असतं त्यानं."

"मेंढराची शेपूट आखूड असते," माया म्हणाली. "आमच्याकडं साठ आहेत. मोजून सांगते."

तो पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघून हसला.

एकदा चहाचा पेला तिने घाईत धरला आणि झटकन सोडला. तेव्हा तिने त्याला तेही समजावलं. भाजलं की हात मागे घेण्याचा निर्णय मेंदू करत नाही. नसेतून इशारा रज्जूपर्यंत येतो, रज्जू परस्पर हुकूम देतो आणि मेंदूला भाजल्याची बातमी मागाहून कळते.

"म्हंजे विचारायच्या आधीच हात हालतो."

"धोका असेल तर."

"आन धोका नसला तर?"

"मग मेंदूला विचारावं लागतं," माया म्हणाली आणि पेला ओढणीने धरून उचलला.

सातव्या दिवशी मेंदू तयार झाला. सगळ्या चिरा कोरून झाल्या होत्या. रंग तेवढा बाकी होता. आठव्या दिवशी माया शेडमध्ये आली, तेव्हा जयराज बाहेर पायरीवर बसला होता. आत फळीवर मेंदू होता. तो दुध्या भोपळ्यासारखा गुळगुळीत होता. एकही चीर नाही.

शेजारी जयराजची आई, भामाबाई, पॉलिश पेपर झटकत उभी होती. चाळीस वर्षं या शेडमध्ये मूर्तीच्या भेगा तीच बुजवत होती. भेग गेलेली मूर्ती दाराबाहेर जाऊ द्यायची नाही, हा सासऱ्याच्या काळापासूनचा नियम होता. पोरगं बाहेरगावी गेलेलं, बाईंना वस्तू द्यायची आणि ही तर सगळीकडून तडकलेली, म्हणून सकाळपासून बसून तिने पुट्टी भरली होती.

"लय वंगाळ तडकलं हुतं, पोरी," ती म्हणाली. "आता बघ, कुठं नख अडकतंय का."

नख कुठेच अडकत नव्हतं. काम उत्तम होतं. माया खाली स्टुलावर बसली. तपासणीला चार दिवस होते.

मग तिने भामाबाईंना ओढणी दाखवली. ही मुठीत मावेल का, म्हणून विचारलं. पसरलेली मावणार नाही, चुण्या करून मावेल. मेंदूचं तसंच आहे. कवटी लहान, वरचा थर मोठा, म्हणून त्याला घड्या पडलेल्या असतात. भेगा नव्हत्या त्या, घड्या होत्या.

भामाबाईंनी ऐकून घेतलं. "म्हंजे जितक्या भेगा, तितकं शाणपण?"

"तसंच काहीसं, मावशी."

"मग माझ्या टाचा लय शाण्या म्हणायच्या."

पायरीवरून जयराजचं हसू ऐकू आलं. माया त्या दिवशी शेवटच्या गाडीपर्यंत थांबली, आणि पुढचे तीन दिवसही रोज आली. ती पुस्तक धरून चीर सांगायची, तो कोरणीने काढायचा. बाहेर परतीचा पाऊस पत्र्यावर पडत राहायचा. कोरलेलं वाळावं म्हणून भामाबाई शेगडीत निखारे करून ठेवायची.

मधल्या मोठ्या चिरेपाशी जयराज थांबला, कारण मायाने सांगितलं होतं की ही चुकवायची नाही. चिरेच्या पुढची पट्टी हालचालीचे हुकूम देते, मागची पट्टी स्पर्श ओळखते. डावी बाजू उजव्या अंगाचं बघते, उजवी डाव्या अंगाचं. आणि पट्टीतली जागा अवयवाच्या आकाराप्रमाणे मिळत नाही. अख्ख्या पाठीला बोटभर जागा. हाताला आणि ओठांना सगळ्यांत जास्त.

"म्हंजे पाठीवर थाप मारली तर कमी कळतं," जयराज कोरणी न उचलता म्हणाला, "आन हात धरला तर लय कळतं."

"हो."

"मग थाप मारून उपयोग न्हाई."

"कुणाला?"

"कुणाला पण... मी आपलं शिकतोय."

माया पुस्तकाचं पान उलटून पुढची चीर शोधू लागली. ती आधीच्याच पानावर होती.

चूक शेवटच्या संध्याकाळी झाली. मेंदू आणि रज्जू लाकडी पाटावर उभे बसवून झाले होते आणि एकेका कामाची जागा एकेका रंगाने रंगवायची होती. जयराज मेंदूच्या मागच्या बाजूला बसला होता, माया पुढून मेंदूकडे तोंड करून उभी होती. दृष्टीची जागा मागे, निळी. तोल सांभाळणारा लहान मेंदू हिरवा. श्वास आणि हृदयाचे ठोके चालवणारा देठ पिवळा. राहिली बोलण्याची जागा, तांबडी.

"डाव्या बाजूला, पुढं," माया म्हणाली.

"माझ्या डाव्या का तुमच्या?"

तो कुंचला तांबड्यात बुडवत होता. बोटांवर जुना सोनेरी रंग होता, मनगटाशी तो खळगा पडला होता. माया म्हणाली, "माझ्या."

तिची डावी बाजू म्हणजे समोरच्या मेंदूची उजवी. ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

तपासणीला तिघे आले. प्रमुख राजेश्वरी निंबाळकर या पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी प्रयोगशाळेत इतर वस्तू भराभर बघितल्या आणि प्रतिकृतीपाशी चष्मा लावला. रज्जू बरोबर मणक्यापाशी संपलेला बघून त्यांनी मान डोलावली. काथ्याच्या झुपक्याला हात लावला. कुणी केलं, विचारलं. मग मायाला म्हणाल्या, मुलींना शिकवता तसं शिकवून दाखवा.

बावीस मुली मागे उभ्या होत्या. मायाने देठापासून सुरुवात केली आणि वर आली. "बोलण्याचं केंद्र बहुतेक माणसांमध्ये डाव्या..." एवढं बोलून तिचं बोट तांबड्या रंगाकडे गेलं आणि अर्ध्यावर थांबलं.

तपासणीच्या बाईंचं लक्ष कागदावर होतं. प्राचार्यांचं मात्र नव्हतं. ते हळूच म्हणाले, काही डावखुऱ्या माणसांत ते उजवीकडे असतं, नाही का. हे खरं होतं. तेवढं एक वाक्य बोलून पुढे जाता आलं असतं.

"रंग चुकीच्या बाजूला आहे," माया म्हणाली. "बोलण्याचं केंद्र डावीकडे असतं. इथे ते उजवीकडे दाखवलंय. मूर्तिकाराची चूक नाही. मी सांगितलं, तसं त्यांनी केलं."

निंबाळकर बाईंनी ते लिहून घेतलं. मायाच्या धड्यावर त्यांनी चांगला शेरा दिला. प्रयोगशाळा मान्य झाली, प्रतिकृती दुरुस्त करून पुन्हा दाखवावी, असा शेराही खाली आला. मायाने त्याच संध्याकाळी जयराजला फोन करून रंगाची बाजू चुकल्याचं कळवलं, आणि त्यावर आपली नोकरी अडली आहे, हेही बोलून गेली. संस्थेच्या बैठकीत फक्त खालचा शेरा वाचला गेला. मायाची नोकरी कायम झाली नाही. मुदत सहा महिने वाढवून मिळाली.

निकाल कळला त्याच दुपारी तिने आबांना फोन केला आणि झालं ते सांगितलं. आबा म्हणाले, ठरल्याप्रमाणं करावं लागंल. ती म्हणाली, व्हय.

रविवारी ती प्रतिकृती चादरीत गुंडाळून पलूसच्या गाडीत बसली. कंडक्टरने विचारलं, देवी हाय का? ती म्हणाली, मेंदू आहे. त्याने पुढे काही विचारलं नाही.

जयराजने चादर सोडली आणि तांबडा रंग घासायला घेतला. दुसऱ्या बाजूला नवीन रंग लावून होईपर्यंत माया उभी होती.

"तुम्ही आमच्या प्राचार्यांना फोन केला होता," ती म्हणाली.

"व्हय."

"चूक तुमची, म्हणून सांगितलंत."

"कारागिराची चूक निघाली तर कुणाची नोकरी आडत न्हाई. मला पुढलं गिऱ्हाईक मिळतंय."

"मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की चूक माझी आहे. तुम्ही मला खोटं पाडलंत."

"बरं, तुमची. झाली कशी मग?" त्याने कुंचला पाण्यात टाकला आणि तिच्याकडे पाहिलं. "चार दिवसांत एक चीर हिकडची तिकडं होऊ दिली न्हाई तुमी. मला दोनदा खोडाय लावली. आन डावं-उजवं चुकलं?"

मायाने मेंदूकडे पाहिलं. तांबडा रंग अजून ओला होता.

"मी मेंदूकडे बघत नव्हते," ती म्हणाली.

"मग?"

"तुमच्या हाताकडे."

जयराजने हात पुसायला फडकं घेतलं आणि ते तसंच धरून ठेवलं. आत भामाबाईंच्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

"दिवाळीनंतर आमच्याकडे पाहुणे येणार आहेत," माया म्हणाली. तपासणीत बोलली होती त्याच आवाजात. "मला बघायला. मुलगा सैन्यात आहे, चांगला असेल. तुम्ही कुंभार, आम्ही धनगर. आबा चहा देतील. उत्तर देतील का, ते मला सांगता येत नाही. पण यायचं असेल तर पाहुण्यांच्या आधी या."

"येतो." आणि मग, जरा थांबून, "काय घिऊन येऊ?"

"काही नको. आईंना आणा."

तो आत हाक मारायला वळला, पण तोवर भामाबाईंचा आवाज आलाच.

"आटपाडीला थेट गाडी हाय, का विट्याला बदलायची, पोरी?"