गाडीवाट

एकाच ढगातला पाऊस जिथे दोन समुद्रांना वाटला जातो, ती जागा झिपरू गजभिये मास्तरांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची होती, आणि तीही दिवाळीच्या आत. एवढी घाई कशाची, हे मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

चाळीस वर्षं त्यांनी वर्धा जिल्ह्यातल्या शाळांमधून भूगोल शिकवला. ‘सह्याद्री हा प्रमुख जलविभाजक’ असं फळ्यावर लिहायचं, खडूने एक उभी रेघ ओढायची, रेघेच्या उजवीकडे गोदावरी सोडायची आणि डावीकडे कोकणातल्या नद्या. ती रेघ प्रत्यक्षात त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांच्या गावात सगळ्यात उंच जागा म्हणजे पाण्याची टाकी. मग २००१ सालच्या उन्हाळ्यात रेल्वेत असलेल्या जावयाची, धम्मपालची, बदली नाशिक रोडला झाली. त्यांच्या लेकीने, ज्योत्स्नाने, इंदिरानगरात भाड्याच्या घरात संसार मांडला आणि वडिलांना दिवाळीपर्यंत, चार महिन्यांसाठी बोलावून घेतलं. मास्तर आले ते नकाशाची सुरळी बगलेत मारूनच!

ज्योत्स्ना नुकतीच गाडी चालवायला शिकली होती. जुनी पांढरी मारुती होती आणि रविवारी धम्मपालला ड्युटी असायची, त्यामुळे बापलेकच डोंगर हिंडायला निघत. शेजारच्या सिंधुबाईंनी एकदा सुचवलं, “मास्तर, घाटात जाऊन या हो.” मास्तर दचकले. “बाई, आमच्याकडे घाटावर माणूस एकदाच जातो, अन् तोही चौघांच्या खांद्यावर.” विदर्भात घाट म्हणजे स्मशान, हे सिंधुबाईंना कुठून ठाऊक असणार! दोघंही पोट धरून हसले.

हसण्यावारी न्यायची नव्हती ती गोष्ट वेगळीच होती. मास्तरांना काचबिंदू झाला होता. कडेची नजर गेली होती, मधली तेवढी उरली होती. जग त्यांना बांगडीएवढ्या गोलातून दिसायचं, आणि तो गोलही वर्षभर टिकला तर टिकला, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ज्योत्स्नाला कळलं असतं तर डोंगर बंद झाले असते, दवाखाने सुरू झाले असते, आणि गावच्या घरी एकटं राहणं तर कायमचंच बंद झालं असतं. म्हणून मास्तर डोळ्यांतले थेंब न्हाणीघरात कडी लावून घालत. रस्त्यात ठेच लागली की वयाला दोष देत.

भाद्रपदातल्या एका रविवारी ते पेठ रस्त्याला लागले. सावळघाटाच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून गाडी डावीकडे वळली. डांबर संपलं आणि आठ-दहा घरांचा एक पाडा लागला. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई समोरून येत होती. ज्योत्स्नाने काच खाली केली.

“मावशी, त्या वरच्या टोकाला गाडी जाते का?”

“जाते ना. गाडीवाटच हाय ती.”

“पावसाळ्यातही?”

“रोज जाते. आज सकाळीच गेली.”

एवढं ऐकल्यावर आणखी विचारायचं काय! वर्ध्याकडे बैल जुंपतात त्या वाहनाला बंडी म्हणतात. गाडी म्हणजे मोटार. इथे गाडी म्हणजे बैलगाडी. एवढासा फरक, पण तो ना मास्तरांच्या नकाशात होता, ना त्यांच्या चाळीस वर्षांच्या शिकवण्यात. दोघं खुशीत वर निघाले.

पहिला फर्लांग ठीक गेला. पुढे वाटेच्या दोन चाकोऱ्या झाल्या आणि मधे गुडघाभर गवत आलं. गाडीच्या पोटाला दगड घासू लागले. उजवीकडे डोंगराचा उभा कातळ, डावीकडे दरी. आणि त्या दरीतून धुकं वर आलं! बघता बघता समोरचं झाड गेलं, मग वाट गेली, मग गाडीचं नाकही अंधुक झालं.

“बाबा, तुमच्या बाजूला किती जागा आहे?”

मास्तरांनी मान वळवली. त्यांच्या गोलात पांढरं होतं, नुसतं पांढरं.

“आहे भरपूर.”

असं ते तीनदा म्हणाले. वर्गात उत्तर येत नसताना कुणी ऐटीत हात वर केला, तर मास्तर त्याला बाकावर उभं करायचे. आज त्यांना बाकावर उभं करणारं कुणी नव्हतं.

एका वळणानंतर ज्योत्स्नाने करकचून ब्रेक लावला. पुढची वाट पावसाने कापून नेली होती आणि मधे चांगली कमरेएवढी ओघळ पडली होती. बैल तिच्यात उतरून पलीकडे चढले असते. मारुती फक्त उतरली असती. वळायला जागा नाही, म्हणजे उलटं जायचं!

“बाबा, खाली उतरा अन् मागे उभे राहून सांगत जा. मला काचेतून काहीच दिसून नाही राहिलं.”

खरं बोलायची वेळ हीच होती. मास्तरांनी ती घालवली. ‘आता सांगितलं तर पोरगी घाबरेल,’ असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण घाबरले होते ते स्वतः.

गाडीमागे जाऊन त्यांनी हात हलवायला सुरुवात केली. “येऊ दे... येऊ दे...” चाकाकडे पाहिलं की कड दिसेना, कडेकडे पाहिलं की चाक हरवे. दोन्ही एका गोलात मावेनात. “येऊ दे... जरा उजवीकडे... येऊ दे...”

दगड निसटले. गडगडत खाली गेले, आणि कितीतरी वेळ वाजत राहिले! मागचं डावं चाक हवेत गेलं. गाडी कलली.

“ब्रेक!” मास्तर ओरडले. “ब्रेक दाब, ज्योत्स्ना!”

गाडी थांबली. तिचं पोट एका खडकावर टेकलं होतं, म्हणून थांबली. आत ज्योत्स्नाचा श्वास ऐकू येत होता.

“मी उतरू?”

“नको! उजवीकडे तुझाच भार आहे. हलू नको!”

मास्तर गाडीला हाताने चाचपत पुढे आले. मागचं डावं चाक लटकलंय, तर वजन हवं पुढे उजवीकडे. अडुसष्टाव्या वर्षी मास्तर बॉनेटच्या उजव्या कोपऱ्यावर चढून बसले! बापलेक समोरासमोर आले. मधे फक्त काच होती.

“चाक किती बाहेर आहे, बाबा? नीट पाहून सांगा.”

“मला दिसत नाही.”

“धुक्यामुळे?”

“धुक्यामुळे नाही.” मास्तरांनी चष्मा काढला. “काचबिंदू आहे. आठ महिने झाले. बाजूचं काहीच दिसत नाही मला.”

ज्योत्स्नाचा आवाज चढला. “अन् मी मघापासून तुमच्या डोळ्यांवर गाडी चालवत होते! काहून नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर आणलं असतंस का मला?”

ज्योत्स्नाने ब्रेक तसाच दाबून धरला. आपल्या एका हट्टापायी पोरीचा जीव या खडकाच्या टोकावर आला, हे मास्तरांना आता अगदी स्वच्छ दिसत होतं. त्यांनी छाती भरून घेतली आणि शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा तो जुना आवाज लावला. “कुणी आहे का? धावा! गाडी अडकली!”

दोनदा नुसता पडसाद आला. तिसऱ्यांदा हाकेला हाक आली!

पाड्यावरची सात-आठ माणसं धुक्यातून पळत वर आली. पुढे होता पुंजाराम, आणि मागे त्याची बायको चांगुणा, तीच ती भारेवाली. तिने कपाळावर हात मारला. “अगं बाई! तुमी गाडी विचारली. मोटार कुठं विचारली?”

“बोलू मागनं,” पुंजाराम म्हणाला. “धरा आधी!”

चौघांनी उजवी बाजू दाबून धरली. “उतर ताई, सावकाश!” ज्योत्स्ना उतरली. मास्तर उतरले. मग सगळ्यांनी मागचा बंपर पकडला. “हां... उचला!” गाडी हलली. “अजून एकदा... हां!” चाक वाटेवर आलं. वळणाशी जराशी रुंद जागा होती, तिथवर मारुती ढकलत नेली आणि भरलं पोतं फिरवावं तशी ती उचलून घराच्या दिशेने फिरवून ठेवली!

ज्योत्स्नाने सगळ्यांना हात जोडले. मग वडिलांकडे न पाहता म्हणाली, “चला घरी.”

मास्तर मुकाट्याने गाडीत जाऊन बसले. हट्ट करायचा हक्क आपण गमावलाय, हे त्यांना कळत होतं.

“एवढं कशापायी आल्ते?” पुंजारामने विचारलं.

उत्तर ज्योत्स्नाने दिलं. “पाणी फाटतं ना वर, इकडचं इकडे, तिकडचं तिकडे. ती जागा यांना पाहायची होती.”

“ती व्हय! ही काय, एक बिडी ओढून होईस्तोवर पोचाल.”

ज्योत्स्ना किल्ली हातात धरून उभी राहिली. मग तिने वडिलांच्या बाजूचं दार उघडलं.

“उतरा. हात द्या. अन् आता खोटं बोललात तर तिथेच सोडून येईन.”

ओघळ उतरून, चढून ते निघाले. आठ महिन्यांत पहिल्यांदाच मास्तर कुणाचा तरी हात उघडपणे धरून चालत होते, आणि त्यात लाज कमी, सुटकाच जास्त होती. चांगुणा वाट दाखवत पुढे चालली होती. मास्तरांना राहवेना. ते तिला समजावू लागले, “बाई, इथे पडलेलं पाणी गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागरात जातं. आमची वर्धा नदी वाटेत त्याला मिळते. अन् चार पावलं पलीकडे पडलेलं जातं अरबी समुद्रात.”

“जातं ना,” चांगुणा म्हणाली. “दोनीकडं जातं. चैतात आमच्या हंड्यात काय उरत नाय. दोन कोस चालते मी पाण्याला.”

मास्तर थबकले. ‘या भागात विपुल पाऊस पडतो’ हे वाक्य त्यांनी किती पिढ्यांकडून पाठ करून घेतलं होतं! पुढचं वाक्य चांगुणाकडे होतं, आणि तिला ते कुणी कधी विचारलं नव्हतं.

टोक म्हणजे एक गवताळ माथा निघाला. पाटी नाही, खूण नाही, पायाखाली फक्त चिखल. मास्तर त्यावर उभे राहिले. आणि वारा सुटला! धुकं मधोमध फाटलं. खाली पेठकडच्या डोंगरांच्या रांगांमागे रांगा, त्यांच्या कुशीत भाताची हिरवी खाचरं, कड्यांवरून सुटलेले पांढरे ओहोळ!

“दिसतं का, बाबा?”

“दिसतं. पण तुकडाच दिसतो.”

ज्योत्स्ना त्यांच्या शेजारी आली. तिने दोन्ही हातांत त्यांचा चेहरा धरला, लहान मुलाचा भांग पाडताना हनुवटी धरतात तसा, आणि अगदी हळू फिरवायला सुरुवात केली. एक डोंगर. त्याच्या मागचा. एक कडा. मग पाणी. मग पुढचा डोंगर. मास्तर पापणी न लववता एकेक तुकडा आत ठेवून घेत होते. चाळीस वर्षांची खडूची रेघ अशी इंचाइंचाने उलगडत गेली.

शेवटचा डोंगर सरला, तरी तिचे हात फिरतच राहिले, आणि त्या गोलात ज्योत्स्नाचा चेहरा आला. गालावर चिखल, डोळे लाल, रागही अजून गेलेला नाही.

“आता नको फिरवू,” मास्तर म्हणाले.