देवाच्या पिशवीतल्या बांगड्या

कचरागाडीवरच्या निरंजनचं बोट कापलं, तेही तृप्तीच्या घरच्या निर्माल्यानं. झेंडूच्या फुलांत फुटक्या बांगड्या होत्या. तृप्तीच्या आईचं, शोभाबाईंचं, शास्त्रच तसं होतं – खरकटं वेगळं, केर वेगळा, आणि बांगड्या सौभाग्याच्या म्हणून फुलांसोबत देवाच्या पिशवीत. एरवी ती पिशवी तापीत जायची. त्या दिवशी घाईत तृप्तीनं गाडीला दिली, आणि हारातला प्लास्टिकचा दोरा काढायला निरंजननं आत हात घातला.

तृप्ती हळद घेऊन धावली. बोट धरलं... आणि सोडायचं विसरली.

"बहुत दुखू राहिलं?"

"दुखत होतं," तो हसला. "आता नाही."

मग काय, आठची गाडी साडेसातपासूनच तिच्या कानात वाजायला लागली. काच कागदात गुंडाळून द्यायची, औषधांची पाकिटं निराळी ठेवायची, हे त्यानं शिकवलं. ती मुद्दाम एखादी चूक करायची, म्हणजे तो थांबेल. तो ओला-सुका समजावायचा आणि बघायचा मात्र तिच्या डोळ्यांत. रविवारी गाडी नसायची. आपल्याला रविवार आवडेनासा झालाय, असं त्यानं सांगितलं तेव्हा ती कानापर्यंत लाल झाली.

गल्लीला कळायला कितीसा वेळ! शोभाबाईंनी शाहपूरचं स्थळ आणलं आणि बजावलं, की कचरागाडीवाल्याला मुलगी देण्यापेक्षा जन्मभर घरात बसवून ठेवीन. दुसऱ्या दिवसापासून ओल्या-सुक्या कचऱ्याच्या बादल्या त्या स्वतः गाडीकडे नेऊ लागल्या.

आठवडाभर तृप्तीनं सोसलं. मग एका रणरणत्या सकाळी निरंजन घामाघूम दिसला, तशी ती तांब्या-पेला घेऊन थेट बाहेर गेली. त्यानं पेल्याला तोंड लावलं, अर्धं पाणी प्यायला.

"पेला घरात आणू नको," शोभाबाई दारातून म्हणाल्या. "तिथंच ठेव, बाहेर."

निरंजनची मान खाली गेली. तृप्तीला संताप अनावर झाला. तिनं पेला ओढून घेतला आणि त्यातलं उरलेलं पाणी आईच्या नजरेला नजर देत पिऊन टाकलं.

"लोक बघू राहिले, तृप्ती..." निरंजन पुटपुटला.

"देखने दे." ती आईकडे वळली. "आई, लग्न करीन तर याच्याशीच. आता सांग – मला कोणत्या बादलीत टाकशील?"

निरंजननं मान वर केली. "माझं पण तेच म्हणणं आहे," तो साऱ्या गल्लीदेखत म्हणाला.

तृप्ती दारातल्या शोभाबाईंच्या शेजारून आत गेली, आणि तो पेला तिनं मांडणीवर, घरातल्या सगळ्या पेल्यांच्या मधोमध ठेवला.