घरच्या मैदानावरचे चार पराभव

शनिवारी सकाळी सातला इर्मा स्लाडेकचा फोन वाजला.

"बाई, आमच्यातलं कोणीतरी फुटलंय," डेरेक हौसमान म्हणाला. "काल समोरच्यांना आमची प्रत्येक चाल आधीच ठाऊक होती."

डेरेक गावच्या हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा प्रशिक्षक. वीस वर्षांपूर्वी तो इर्माच्या गणिताच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा. इर्मा आता निवृत्त होती, पण प्रत्येक सामन्याचे आकडे लिहून ठेवण्याची तिची सवय सुटली नव्हती.

"परवा शाळेच्या मंडळाची बैठक आहे," तो म्हणाला. "मला काढायचं ठरलंय म्हणतात."

"कालचं चित्रण काढून ठेव. मी वही घेऊन येते."

तासाभरात दोघं शाळेच्या व्यायामशाळेत पडद्यासमोर बसले होते. डेरेकनं दाढी केली नव्हती.

"चाल खेळाडूंपर्यंत पोहोचते कशी?" इर्मानं विचारलं.

"मी रेषेबाहेरून हातानं खुणा करतो. टोपीला हात लावला की चेंडू घेऊन पळायचं, कोपराला लावला की लांब फेकायचा. अशा चाळीसेक खुणा आहेत."

"तू बसवलेल्या?"

"नाही, कोचच्याच. पोरांना पाठ होत्या. दुसऱ्या पराभवानंतर बदलायला निघालो होतो, तर कोच म्हणाले, ऐन हंगामात बदलू नकोस, पोरं गोंधळतील."

कोच म्हणजे मर्ल व्होट्रुबा. बावीस वर्षं त्यानं हा संघ चालवला. गेल्या वर्षी शाळेनं त्याला निरोप दिला, तरी मैदान काही सुटलं नाही. घरच्या सामन्यांना तो, चेंडू किती सरकला ते मोजायची दहा यार्डांची साखळी धरून मैदानाच्या कडेला उभा राहायचा. गाव अजून त्यालाच कोच म्हणायचं.

"संशय कोणावर?"

डेरेकनं मान खाली घातली. "माझ्याच सहायकावर. नाहीतर मग चालीच भिकार आहेत. रात्र रात्र झोप नाही, बाई. मला चढाई लावताच येत नाही, असं वाटायला लागलंय."

इर्मानं वही उघडली. "बाहेरगावी चार सामने झाले. प्रत्येक चालीमागे चेंडू सरासरी सहा यार्ड पुढे, तीन विजय. घरी चार सामने. सरासरी दोन यार्ड, चारही पराभव."

"लोक म्हणतात, घरच्यांसमोर पोरं बिचकतात."

"लोक काहीही म्हणतात. तुझा सहायक बाहेरगावीही असतोच ना? मग तिथे कसे जिंकता?"

डेरेकनं मान वर केली.

"आता हे तिसऱ्या घरच्या सामन्यातलं दुसरं सत्र बघ. फक्त यातच तुमची पोरं सुसाट सुटली. तेव्हा काय झालं होतं?"

"पाहुण्यांचा बँड त्यांच्या खेळाडूंच्या अगदी पाठीमागे उभा होता. ढोल असे बडवत होते की, शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. पंचांनी नंतर त्यांना हटवलं."

"आणि हटवल्यावर तुमची गाडी पुन्हा अडली."

इर्मानं कालचं चित्रण लावलं. कॅमेरा घरच्या प्रेक्षकांकडून पलीकडे पाहत होता. समोर पाहुण्यांचा संघ, त्यांच्या शेजारी साखळीवाले.

"चेंडूकडे बघू नकोस. वरची कड बघ. मैदानाकडे पाठ करून कोण उभंय?"

"त्यांचा सहायक प्रशिक्षक." डेरेक पडद्याजवळ सरकला. "हा असा काय वाकलाय?"

त्यानं चित्रण मागे नेलं. पुन्हा पाहिलं. मग घरच्या आधीच्या सामन्यांची चित्रणं एकामागून एक लावली.

दोघं पोहोचले तेव्हा मर्ल नेहमीच्या कॅफेत खिडकीशी बसला होता. पुढ्यात कॉफी, बशीत मुरंबा भरलेली अर्धी कोलाची.

"या, गणितवाल्या बाई," तो म्हणाला. "आज काय भागायचंय?"

"वजाबाकी आहे, मर्ल. खुणा फोडणारा माणूस फक्त घरच्या सामन्यांना असतो, म्हणजे संघातला नव्हे. ढोल वाजले की पाहुणे आंधळे होतात, म्हणजे बातमी डोळ्यांनी जात नाही, कानांनी जाते. ती देणारा पाहुण्यांच्याच बाजूला, बोलण्याच्या अंतरावर उभा असतो. तिथे गावातले तिघंच असतात, साखळीवाले. आणि या खुणा वाचता येणारा त्यांच्यात एकच."

मर्लनं डेरेककडे पाहिलं, मग कपाकडे.

"सवय, इर्मा. बावीस वर्षांची. खूण दिसली की तोंडातून चाल निघते. मी काय कोणाला सांगायला जातोय?"

"पहिल्या सामन्यात सवय होती, मानलं. दुसऱ्यात पाहुण्यांचा माणूस तुझ्या तोंडाला कान लावून उभा राहिला. पुढच्या संघांना त्यांनी सांगितलं असणार. तुला ते कळलं नाही?"

"नाही कळलं."

"मग त्याच आठवड्यात डेरेक खुणा बदलत होता, तेव्हा तू त्याला का अडवलंस? खुणा बदलल्या असत्या, तर तुझी बडबड कोणाच्याच कामाची राहिली नसती."

पलीकडच्या टेबलावरचे दोघे शेतकरी गप्पा थांबवून ऐकू लागले. मर्लच्या ते लक्षात आलं. त्यानं आवाज खाली आणला.

"तुझ्यावर कोण विश्वास ठेवील, इर्मा?"

"कोणी नाही," डेरेक म्हणाला. "मला माहीत आहे. मला फक्त एक सांगा, कोच. मी लावलेल्या चाली वाईट होत्या का?"

मर्लनं बशी बाजूला सारली.

"चांगल्या होत्या," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा चांगल्या. पहिल्याच सामन्यात दिसलं मला ते. तिथे साखळी धरून उभं राहायचं आणि ते बघायचं... नाही झालं, पोरा."

डेरेकनं डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले.

"सोमवारी मंडळापुढे हेच बोलायचं," इर्मा म्हणाली. "चांगल्या होत्या, माझ्यापेक्षा चांगल्या. आणि तू काय केलंस तेही."

"त्या मंडळातले चौघं माझ्या हाताखाली खेळलेत, इर्मा."

"म्हणून तर. ते माझे आकडे ऐकणार नाहीत. तुझं ऐकतील."

मर्ल खिडकीबाहेर पाहत राहिला. शेवटी त्यानं विचारलं, "किती वाजता?"