सरावाचं पान

वेबसाइट बनवून देणं तिला सोपं जाई. ज्याची वेबसाइट त्याला ती सांभाळायला शिकवणं, हे खरं जिकिरीचं काम. एरवी खमकी असणारी माणसं माउस हातात आला की अंग चोरून बसत. काही बिघडलं तर? म्हणून तिनं पहिला धडाच पुसण्याचा ठेवला होता. सरावाचं एक पान उघडायचं, मनात येईल ते लिहायचं, मग ते पुसायचं आणि कचरापेटीही रिकामी करायची. पुसता आलं की भीती जाते, हा तिचा अनुभव. गिऱ्हाइकं तिला कौतुकानं मास्तरीणबाई म्हणत.

कुलुपं दुरुस्त करणाऱ्या काकांनी लिहिलं, ‘नऊ पायऱ्या चढलं की हिरवं दार.’

“कुणाचं घर हे, काका?”

“कोण जाणे. बोटं गेली तिकडे.” काकांनी वाक्य पुसलं आणि मोठा पराक्रम केल्यासारखे हसले.

पुढच्या आठवड्यात पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी लिहिलं, ‘हिरव्या दाराच्या आत एकच खिडकी. खिडकीत फुटक्या कपात लावलेलं रोप.’ बाई काकांना ओळखत नव्हत्या. तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. बाईंनीही नेमानं पुसलं.

तिसरे दातांचे डॉक्टर. ‘खिडकीशी ती बसते. अंबाड्यात पेन्सिल खोचते. पेन्सिलीचं टोक चावून चावून चपटं झालंय.’

ती पडद्याकडे वाकली. तशी पेन्सिल तिच्या ताईच्या केसांत असायची. अकरा वर्षांपूर्वी ताई भांडून घरातून निघाली, ती गेलीच. पत्र नाही, फोन नाही. ती सावरून काही बोलेपर्यंत डॉक्टरांनी सगळं पुसून टाकलं होतं.

घरी तिनं आईला सांगितलं. आई हसण्यावारी नेईल असं तिला वाटलं होतं. आईनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

“पुढचं गिऱ्हाईक कधी आहे?”

“आई, अगं, याला काही अर्थ नाही.”

“नसू दे. ती वेळेवर जेवते का, एवढं कळलं तरी पुरे मला.”

मग येईल ते काम तिनं घेतलं. तिलाही आता राहवत नव्हतं. त्या घराचा रस्ता कुणाच्या तरी बोटांतून उतरेल अशी तिला आशा लागली होती.

तसबिरींच्या चौकटी बनवणाऱ्या बाईंच्या दुकानात, भर दुपारी, लाकडाचा भुसा झटकत बाईंनी लिहिलं, ‘आज दार उघडलं तर खाली पायऱ्या नव्हत्या. खिडकीच्या जागी भिंत आहे.’

तिनं ते दोनदा वाचलं. पायऱ्या काकांनी पुसल्या होत्या. खिडकी पोहण्याच्या बाईंनी. आणि डॉक्टरांनी?

बाईंचं बोट बटणाकडे चाललं होतं. तिनं त्यांचं मनगट धरलं.

“राहू द्या ते.”

“अहो, शेवटी पुसायचं म्हणालात ना?”

तिनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ती वाक्यं कचरापेटीत तरी आहेत का?

“छे, तुम्ही शिकवलंत तसंच केलं,” डॉक्टर अभिमानानं म्हणाले. “तेव्हाच रिकामी केली.”

त्या संध्याकाळी तिनं तिघांचीही वाक्यं आठवून पुन्हा लिहिली, अक्षरन् अक्षर. लिहितानाच तिला कळत होतं की ही तिची स्वतःची वाक्यं आहेत, आलेली नव्हेत. आईला तिनं काहीच सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी छत्रीवाल्यांकडे शिकवणी होती.

“मनात येईल ते लिहा. पण पुसायचं नाही.”

“मग शिकायचं काय?” म्हणत ते लिहायला लागले. कळा खटखट वाजत होत्या. पडद्यावर एकही अक्षर उमटलं नाही. नुसता कर्सर पुढे पुढे जात राहिला, ओळ संपली की खालच्या ओळीवर.

“झालं. बरंच लिहिलं की मी.”

“काय लिहिलंत?”

त्यांनी कोऱ्या पानाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “आत्ता तर आठवत होतं.”

तिनं कीबोर्ड ओढला.

‘ताई, आहेस ना?’

तिची अक्षरं काळीभोर, स्पष्ट उमटली. तिनं हात मांडीवर घेतले. छत्रीवाले खुर्ची मागे सारून उभे होते.

कर्सर खालच्या ओळीवर उतरला आणि एकेका अक्षराएवढा पुढे सरकू लागला.